जिवंत हाडाची हमी

दातांच्या दवाखान्यांबाहेर हल्ली ‘कायमचे दात’ अशी पाटी सर्रास दिसते. आत गेल्यावर मिळणाऱ्या गुळगुळीत पत्रकात ‘लाइफटाइम वॉरंटी’ हे शब्द असतात, आणि ते खोटे नसतात. अनेक कंपन्या आपल्या इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर, खरोखरच आयुष्यभराची हमी देतात. स्क्रू मोडला तर नवा स्क्रू मिळतो. पण स्क्रू मोडतो क्वचित. बिघडते ते त्याच्या भोवतीचे हाड, आणि हाडाची हमी कोणतीही कंपनी देत नाही. ती देणार तरी कशी? हाड तिच्या कारखान्यात तयार झालेले नाही.

इम्प्लांटचा सगळा व्यवहार या एका विसंगतीवर उभा आहे. पेशंट पैसे मोजतो धातूचे, विचारतो तेही धातूबद्दल: स्वीडनचा आहे की कोरियाचा, किती वर्षांची गॅरंटी, भारतीय चालेल का? डॉक्टरही बहुतेकदा त्याच भाषेत उत्तर देतात. दात पुढची वीस वर्षे जागेवर राहणार की नाही, हे मात्र हाड ठरवते, आणि हाड ते एकदाच ठरवून मोकळे होत नाही. स्थिरता ही शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळणारी आणि मग बाळगायची वस्तू नाही. हाडाला ती दररोज नव्याने घडवावी लागते. हे एकदा मान्य केले की इम्प्लांटची किंमत, त्याचे यश मोजण्याची पद्धत आणि त्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टींचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. आज तो तसा मांडला जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या डोळ्यांसमोर असते ते भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचे चित्र. भिंत चांगली, खिळा चांगला, ठोकणारा हात चांगला, की काम फत्ते. भिंतीला मात्र खिळा आत आल्याची खबर नसते, हाडाला असते. जबड्याचे हाड आयुष्यभर स्वतःला मोडत आणि बांधत राहते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड पोखरतात, त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन नवे हाड भरतात. कुठे किती पोखरायचे आणि कुठे किती भरायचे हे त्या जागेवर पडणाऱ्या भारावर, रक्तपुरवठ्यावर आणि आसपासच्या सुजेवर ठरते. भारानुसार हाडाची रचना बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. अशा हाडात स्क्रू बसवणे म्हणजे सतत चालू असलेल्या एका बांधकामात कायमचा परका सदस्य आणून ठेवणे.

गंमत अशी की हे शास्त्र हाडाच्या जिवंतपणाच्या अभ्यासातूनच जन्माला आले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचे छोटे निरीक्षण-कक्ष बसवले. त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जेतले रक्त वाहताना दिसे. प्रयोग संपल्यावर ते महागडे कक्ष पुन्हा वापरण्यासाठी काढायला गेले, तर निघेनात. हाड धातूला इतके बिलगले होते की हाड फोडल्याशिवाय सुटका नव्हती. त्या वेळी दात हा त्यांचा विषयही नव्हता.

पुढे गोथेनबर्गला गेल्यावर कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले गेले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतः व्यंग होते, खालचे दात नव्हते. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते इम्प्लांट कामात होते. चार दशके! ‘कायमचे दात’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी हे उदाहरण असते. त्यामागची पद्धत मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्याआधी इम्प्लांट नव्हते असे नाही. पात्यासारखे हाडात ठोकायचे, हिरडीखाली हाडावर चौकटीसारखे बसवायचे असे प्रकार होते. त्यांच्या भोवती बहुधा तंतुमय ऊतकाचे वेष्टण तयार होई, आणि धातू हाडाला थेट चिकटणे शक्यच नाही असे जाणकार मानत. ब्रोनेमार्क यांनी हा समज खोडला तो संयमाच्या जोरावर. ड्रिल हळू फिरवायचे, सलाइनच्या धारेखाली फिरवायचे. त्यांच्याच परंपरेतल्या एका प्रयोगात १९८३ मध्ये दिसले की ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर मिळाली तरी हाडाला इजा पोचते. स्क्रू बसवून झाला की तो हिरडीखाली झाकून टाकायचा, खालच्या जबड्यात तीनेक आणि वरच्या जबड्यात सहाएक महिने त्याच्यावर भार येऊ द्यायचा नाही. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने दखल घेतली. टायटॅनियमचे कौतुक झाले आणि व्हायलाच हवे होते. पण त्या पद्धतीचा बराचसा भाग हाडाला न दुखवण्याचा आणि त्याची वाट पाहण्याचा होता. धातूचे पेटंट घेता येते, तो कॅटलॉगमध्ये छापता येतो. वाट पाहणे विकता येत नाही, म्हणून ते मागे पडले.

इम्प्लांट बसल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत काय चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. हाडात साधारण साडेतीन मिलिमीटर रुंदीचे भोक पाडून त्यात चार मिलिमीटरचा स्क्रू फिरवत बसवतात. किती जोर लागला हे रॅचेटवर, म्हणजे स्क्रू फिरवण्याच्या पान्यावर, न्यूटन-सेंटिमीटरमध्ये दिसते. ३५ चा आकडा आला की डॉक्टर निश्चिंत होतात. ही झाली प्राथमिक स्थिरता, निव्वळ यांत्रिक. आट्यांच्या कडा हाडात रुतलेल्या असतात, पण दोन आट्यांच्या मधल्या खाचेत हाड नसते, रक्त असते. त्या रक्ताची गुठळी होते, फायब्रिनचे जाळे धातूच्या पृष्ठभागाला चिकटते. आधी साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, मग बारीक केशवाहिन्या शिरतात. आठवडाभरात त्या खाचेत पहिले हाड दिसू लागते. ते घाईघाईने विणलेले, विस्कळीत तंतूंचे, कच्चे हाड असते.

याच वेळी उलटही घडत असते. आट्यांच्या कडांखाली जे हाड चेपले गेले, ज्याच्या जोरावर ३५ चा आकडा आला होता, ते मरते आणि शरीर ते उचलून नेते. जुना आधार सुटत असतो आणि नवा अजून पुरता उभा राहिलेला नसतो. म्हणून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट बसवल्या दिवसापेक्षाही कमी घट्ट असतो. १९९० च्या दशकात नील मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या अनुनादाच्या पद्धतीने ही घसरण मोजता येते. स्क्रूवर एक छोटी खुंटी लावून तिला कंप देतात आणि उत्तर १ ते १०० च्या मापावर मिळते. या नाजूक दिवसांत चावण्याच्या जोराने इम्प्लांट फार हलला, सुमारे दीडशे मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे मिलिमीटरचा सातवा भाग, तर खाचेत हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरण्याचा धोका असतो. सगळे सुरळीत पार पडले तर पुढच्या महिन्यांत कच्च्या हाडाची जागा पापुद्र्यापापुद्र्यांनी रचलेले पक्के हाड घेते. ही दुसरी, जैविक स्थिरता. पेशंटच्या तोंडात पुढे जे टिकते ते हेच. पहिल्या दिवशीची घट्ट पकड तोवर नाहीशी झालेली असते.

म्हणजे ज्या आकड्यावर डॉक्टर निश्चिंत झाले तो आकडा ज्या हाडाचा होता, ते हाड काही आठवड्यांत राहतच नाही. ‘तीन दिवसांत पक्के दात’ या जाहिरातींकडे या प्रकाशात पाहावे. निवडक रुग्णांत, पुरेसे हाड असताना, अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून लगेच भार देणे शक्य असते, त्याला शास्त्रीय आधारही आहे. पण तिथेही हाडाचे वेळापत्रक बदललेले नसते. फक्त त्या काळात स्क्रू हलणार नाही याची व्यवस्था केलेली असते.

मग जैविक स्थिरता आली की प्रश्न मिटला का? इथे नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांतला फरक पुढे येतो. दात हाडाला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा तंतूंचा थर असतो. तो भार पेलतो, खडा लागला की क्षणात इशारा देतो, आणि दाताच्या मानेजवळ हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात आडवे शिरून एक प्रकारची सरहद्द राखतात. इम्प्लांटला हा थर नाही. त्याच्या मानेजवळ तंतू बहुतांशी त्याला समांतर धावतात, त्याच्यात शिरत नाहीत. जंतूंनी तिथून खाली उतरायचे ठरवले तर दाताच्या तुलनेत वाट सोपी असते.

इम्प्लांटभोवतीच्या हाडाची कड थोडी खाली जाणार, हे शास्त्राने सुरुवातीपासूनच गृहीत धरले. टोमास अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यशाचे जे निकष मांडले ते पुढे जगभर वापरले गेले. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरसाल ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, असे त्यांत म्हटले आहे. पहिल्या वर्षात दीड मिलिमीटरपर्यंत झीज चालेल, असेही तेव्हापासून धरले गेले. पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ८० टक्के इम्प्लांट या कसोटीला उतरले तरी पद्धत यशस्वी मानायची होती. आज ही कसोटी सैल वाटते, पण तिच्यात प्रामाणिकपणा होता. हाड हलते, ते मोजत राहा, असे ती सांगत होती. बाजाराने तिच्यातले ‘यश’ घेतले आणि ‘मोजत राहा’ सोडून दिले.

आता हाडाच्या पुनर्निर्मितीकडे येऊ, कारण इथे आशाही मोठी आहे आणि अतिशयोक्तीही. दात काढला की त्याच्या खोबणीभोवतीचे हाड झिजते. डेन्मार्कमधल्या २००३ च्या एका अभ्यासात वर्षभरात कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली दिसली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. कारण उघड आहे. खोबणीच्या आतल्या बाजूचे हाड दातासाठीच असते, दात गेला की त्याचे कामच संपते. पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला ते कित्येकदा मिलिमीटरभरही जाड नसते. मग लगेच इम्प्लांट घातला तर हाड वाचेल, अशी समजूत एकेकाळी होती आणि अजूनही ऐकवली जाते. २००४-०५ च्या सुमारास इटली आणि स्वीडनच्या संशोधकांच्या कामातून दिसले की नुसता इम्प्लांट घालून ही झीज थांबत नाही. कवळी वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी लांबची. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंत्ये टालग्रेन यांच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत बोळक्या तोंडातला खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेला आढळला.

हे गेलेले हाड परत आणायचे कसे? कॅनडातल्या ए. एच. मेल्चर यांनी १९७६ मध्ये एक विचार मांडला होता: जखमेच्या जागी ज्या पेशी आधी पोचतील त्यांचेच ऊतक तिथे उभे राहते. हिरडीच्या पेशी चपळ असतात, हाडाच्या पेशी संथ. तेव्हा चपळांना अडवून संथांना वेळ द्यायचा. स्वीडनच्या क्रिस्टर डालीन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदरांच्या जबड्याला दोन्ही बाजूंना आरपार भोके पाडून एका बाजूला टेफ्लॉनचे पातळ आवरण लावले आणि दुसरी बाजू तशीच सोडली. आवरणाखाली सहा आठवड्यांत सगळ्या उंदरांचे हाड भरून आले. उघड्या बाजूला बावीस आठवड्यांनंतरही फारसे काही नव्हते. हा प्रयोग मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यात हाडाला काहीच ‘दिले’ नव्हते. नुसती जागा राखून ठेवली होती.

आज जागा राखण्यासाठी आवरणाखाली भुकटीही भरतात. ती स्वतःच्या हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागच्या भागातून घेतलेल्या हाडाची असू शकते, दात्याच्या प्रक्रिया केलेल्या हाडाची, कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची, किंवा गायी-बैलाच्या हाडातले सेंद्रिय द्रव्य पूर्ण काढून उरलेल्या खनिजाची. हे प्राणिजन्य खनिज शरीर सहजी विरघळवत नाही, त्याचे कण वर्षानुवर्षे तिथे राहतात. म्हणून सहा महिन्यांनी एक्स-रेवर जे पांढरेशुभ्र ‘नवे हाड’ दाखवले जाते त्यातला एक हिस्सा ते मूळ खनिजच असते. हा दोष नाही, ते कण जागा धरून ठेवतात म्हणूनच उपयोगी आहेत. पण एक्स-रेवर जिवंत हाड आणि निर्जीव खनिज यांत फरक दिसत नाही, हे पेशंटला कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. ही भुकटी बहुधा गोवंशाची असते आणि वर घालायचे कोलॅजनचे आवरण अनेकदा डुकराचे किंवा गोवंशाचे. खाण्यापिण्याचा विधिनिषेध पाळणारी माणसे, जैन, वारकरी, मुसलमान, या खुर्चीत बसतात. संमतीपत्रावर ‘बोन ग्राफ्ट मटेरियल’ एवढेच छापलेले असते. ज्याला चालेल त्याला चालेल, पण विचारायला नको का? कृत्रिम पर्याय उपलब्ध असताना न विचारणे ही सोय डॉक्टरांची असते, पेशंटची नाही.

पुनर्निर्मितीबद्दलची अतिशयोक्ती इथून सुरू होते. रक्तातल्या प्लेटलेट्स आणि फायब्रिन यांचा गोळा करून जखमेत ठेवण्याची पद्धत फ्रान्समध्ये २००० च्या सुमारास आली. स्वस्त असल्याने ती आपल्याकडेही रुजली. हिरडी बरी व्हायला तिची मदत होते. हाड वाढवण्याबाबतचा पुरावा मात्र बेताचा आहे. अमेरिकेत मार्शल उरिस्ट यांनी १९६५ मध्ये हाडातच हाड निर्माण करवणारे द्रव्य असते असे दाखवले आणि त्यातून पुढे प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिने आली. ती प्रभावी आहेत, महाग आहेत, आणि त्यांच्यामुळे येणारी सूजही लहान नसते. प्रत्येक नव्या साधनाबरोबर ‘हाड परत येते’ हे वाक्य अधिक ठामपणे बोलले जाते. पण आलेले हाडही हाडच असते. त्यालाही रक्त लागते, त्यालाही भार मोजून मिळावा लागतो आणि सूज त्यालाही खाते. ज्या कारणाने पहिले हाड गेले ते कारण तसेच ठेवून दुसरे भरणे म्हणजे त्याच वाटेवर त्याला रवाना करणे.

ही वाट किती जणांच्या वाट्याला येते? याचे सगळ्यात बोलके उत्तर स्वीडननेच दिले, कारण तिथे इम्प्लांटच्या खर्चात सरकारी विमा संस्थेचा वाटा असतो आणि त्यामुळे नोंदी राहतात. यान डर्क्स आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून रुग्ण निवडले आणि सुमारे नऊ वर्षांनी त्यांना तपासले. २०१५-१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किमान एक इम्प्लांट गमावलेले रुग्ण ७.६ टक्के होते. इम्प्लांटच्या संख्येने पाहिले तर नुकसान याहूनही कमी, तीन-साडेतीन टक्के. आनंदाची गोष्ट. पण त्याच लोकांच्या हिरड्या तपासल्या तेव्हा ४५ टक्के लोकांत किमान एका इम्प्लांटभोवती रक्तस्राव आणि हाडाची झीज मिळून पेरिइम्प्लांटायटिस नावाचा दाह आढळला. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हाड गेलेले, म्हणजे मध्यम ते गंभीर अवस्थेतले, १४.५ टक्के होते.

‘९५ टक्के यश’ या आकड्यामागे हे दडलेले असते. तो आकडा टिकण्याचा असतो, निरोगी असण्याचा नसतो. इम्प्लांटचे निम्मे हाड गेले तरी उरलेल्या निम्म्यावर तो घट्ट उभा राहतो, दुखत नाही, चावता येते, आणि पाहणीत त्याची गणना ‘टिकलेला’ अशी होते. एक्स-रेवर मात्र गोष्ट डोळ्यांना दिसते. पहिल्या वर्षी हाडाची रेघ पहिल्या आट्याशी होती, पाचव्या वर्षी तिसऱ्याशी, आठव्या वर्षी पाचव्याशी. स्क्रूभोवती वाटीच्या आकाराचा काळा खळगा पडलेला असतो. शेवटपर्यंत तो हलत नाही, म्हणून पेशंट येत नाही. हलतो तेव्हा वाचवण्यासारखे काही उरलेले नसते.

हे का होते, यावर या क्षेत्रात गेली दहा-पंधरा वर्षे कडाक्याचा वाद आहे. एका गटाच्या मते कारण सरळ आहे: इम्प्लांटच्या मानेशी जंतूंचा थर साठतो, हिरडी सुजते, सूज खाली उतरते. हिरड्यांच्या विकारांवरच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने आखलेले वर्गीकरण याच अंगाने जाते. दुसऱ्या गटात खुद्द ब्रोनेमार्क यांचे सहकारी आहेत. अल्ब्रेक्टसन आणि मंडळींनी २०१४ मध्ये म्हटले की हाडाचे धातूला बिलगणे हीच परक्या वस्तूला शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे. शरीर त्या वस्तूला हाडाच्या भिंतीआड ठेवते आणि एक तोल साधते. चुकीची शस्त्रक्रिया, वरची कॅप चिकटवताना उरलेले सिमेंट, बिघडलेली प्रकृती अशा कशानेही तो तोल ढळला की हाड मागे सरते, जंतू नंतर येतात.

मला या वादात शास्त्राइतकेच जबाबदारीचे राजकारण दिसते. जंतूंचा सिद्धांत सोयीने वापरला तर दोष पेशंटच्या ब्रशवर जातो: तुम्ही साफ ठेवले नाही. परक्या वस्तूचा सिद्धांत सोयीने वापरला तर दोष कुणाचाच राहत नाही: शरीराने स्वीकारले नाही. दोन्हींच्या आड बसवणाऱ्याला लपता येते. इम्प्लांट तिरपा बसवला आणि वरची कॅप अशी फुगीर केली की ब्रश मानेपर्यंत पोचूच शकत नाही, तर अस्वच्छता कुणाची? कॅप चिकटवताना हिरडीखाली सांडलेल्या सिमेंटचा कण कुणी ठेवला? जंतूंचा पुरावा भक्कम आहे, आणि स्वच्छतेने सूज हटते हे रोज दिसते, म्हणून उपचाराच्या बाबतीत मी पहिल्या गटाच्या बाजूने आहे. पण दुसऱ्या गटाने एक गोष्ट अचूक हेरली आहे: शरीर आणि धातू यांच्यात झालेला हा तह आहे, आणि तह राखावा लागतो. पृष्ठभागाचेच पाहा. १९९० च्या दशकात इम्प्लांटला मुद्दाम एक-दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा दिला गेला, हाड लवकर बिलगू लागले, महिन्यांची वाट आठवड्यांवर आली. पण हाडाची कड खाली जाऊन तोच खडबडीत भाग उघडा पडला की जंतूंना त्याहून सोयीची जागा नाही आणि डॉक्टरांना साफ करायला त्याहून अवघड जागा नाही.

आपल्या तोंडांचा विचार केला तर हा तह इथे जास्त ताणलेला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात मिश्री लावणाऱ्या बायका आल्या, ज्या तिला व्यसन समजत नाहीत, दात घासणे समजतात. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान आणि आधी झालेला हिरड्यांचा विकार इम्प्लांटभोवतीच्या हाडाला मारक ठरतात, साखर ताब्यात नसेल तर जखम भरण्यापासूनच अडचण येते. आपल्याकडे दात ज्या कारणाने जातात, तीच कारणे इम्प्लांटच्या वाटेवर उभी असतात. असे असताना रूट कॅनल आणि कॅपने वाचेल असा दात ‘काढून टाका, इम्प्लांट घालू, कटकट नको’ म्हणून काढला जातो, तेव्हा तंतूंचा तो थर, ती सरहद्द आणि ती जाणीव कायमची गमावून आपण कटकट घरात आणत असतो.

यावर एक सरळ आक्षेप येईल: असे लिहून लोकांना घाबरवायचे का? ज्या बाईला खालची कवळी जागेवर राहत नाही म्हणून चारचौघांत जेवायची लाज वाटते, तिला दोन इम्प्लांटचा आधार मिळाला तर आयुष्य बदलते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी हाच दोन इम्प्लांटवरच्या कवळीचा उपाय बोळक्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड म्हणून सुचवला. हे सगळे मला मान्य आहे. किंबहुना इम्प्लांट इतका गुणकारी आहे म्हणूनच त्याला ‘बसवले आणि विसरले’ या वर्गात टाकणे मला खटकते. लार्सन यांचे इम्प्लांट चाळीस वर्षे टिकले ते दुर्लक्षित राहून नाही. ते जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या, तपासल्या गेलेल्या इम्प्लांटपैकी होते.

अडचण पैशांच्या रचनेत आहे. आपल्याकडे इम्प्लांटचा खर्च बहुतेकांच्या खिशातून, एकरकमी जातो. डॉक्टरांना मोबदला मिळतो बसवण्याचा. पुढच्या वीस वर्षांच्या तपासणीला दर नाही, म्हणून तिला किंमतही नाही. सांधेरोपण झालेल्याला आपण विचारतो, दाखवायला जातोस ना? दाताबद्दल कुणी विचारत नाही. आणि हाड भरण्याचे पैसे मात्र वेगळे लागतात, तेव्हा जे हाड आहे ते जपण्यापेक्षा गेलेले भरणे हाच व्यवसाय होऊन बसतो.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती पेशंटनेच करायला हवी. कॅप बसेल त्या दिवशीचा एक्स-रे आपल्या हातात असावा, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी होणार. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, लांबी-रुंदी आणि भरलेल्या हाडाचा प्रकार एका कागदावर लिहून मिळावा. गाव बदलले, डॉक्टर निवृत्त झाले तरी पुढच्याला सुटे भाग कुठून आणायचे ते कळेल. दर सहा-बारा महिन्यांची तपासणी, बारीक सळईने हिरडीची खोली मोजणे आणि ठरावीक काळाने एक्स-रे, हे सगळे सुरुवातीच्या दरातच धरलेले असावे, आणि तो दर त्यामुळे वाढला तर वाढू द्यावा. डॉक्टरांनीही इम्प्लांट सुचवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत: हा दात वाचवता येत नाही असे कशावरून, आणि या माणसाच्या तोंडात हाड का गेले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तंबाखू असेल, साखर असेल, हिरड्यांचा विकार असेल तर उपचार तिथून सुरू व्हायला हवा. स्क्रूची पाळी त्यानंतरची. हमीपत्र हवेच असेल तर त्यावर दोन सह्या असाव्यात, बसवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची, आणि त्याची मुदत दर वर्षीच्या तपासणीनंतर पुढे वाढवावी.